घणाचा ठोका आणि कातळाचा वेग: भूकंपलहरींवरून जमिनीखालचा खडक कसा जोखावा

पाया असो, बोगदा असो, धरण असो की खाण, जागा पाहताना प्रश्न तेच असतात. कातळ किती खोल आहे? तो घट्ट आहे की फुटका? यंत्राने खोदता येईल की सुरुंग लावावे लागतील? बोअर मारली की त्या एका बिंदूचे उत्तर मिळते. दोन बोअरच्या मध्ये काय आहे ते ती सांगत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. जमिनीवर ठोका मारून त्याची लहर कुठे किती वेळात पोचते हे मोजले, तर ही मधली जागा बरीचशी भरून काढता येते. खाली दिलेली रीत वरच्या तीस-चाळीस मीटरसाठी आहे आणि तिचा कणा अपवर्तन पद्धत हा आहे, म्हणजे खालच्या वेगवान थरात वळून पुन्हा वर आलेल्या लहरीची वेळ मोजणे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. वेग खडकाचे नाव सांगत नाही. सेकंदाला २००० मीटर हा आकडा पाण्याने भरलेल्या घट्ट गोट्यांचा असू शकतो, कुजलेल्या ग्रॅनाइटचा असू शकतो, मऊ वालुकाश्माचाही असू शकतो. वेग सांगतो तो ताठरपणा, आणि भेगा किती उघड्या आहेत ते. म्हणून आकडा हाती आला की ‘हा कोणता खडक’ असे विचारण्याआधी ‘हा वेग कशाकशामुळे येऊ शकतो’ असे विचारा.

वेग कशावर ठरतो

पी लहर कणांना पुढे-मागे दाबत जाते, एस लहर आडवी हलवत जाते. एस लहरीचा वेग म्हणजे कर्तन गुणांक (आकार बदलण्याला होणारा विरोध) भागिले घनता, याचे वर्गमूळ. पी लहरीच्या सूत्रात कर्तन गुणांकाच्या जोडीला दाबाला होणारा विरोधही येतो, म्हणून पी नेहमी एसच्या पुढे असते. सूत्रात घनता छेदात आहे, तरी जड खडकात वेग जास्त सापडतो. घनता थोडी वाढते तेव्हा ताठरपणा त्याहून कितीतरी जास्त वाढलेला असतो, हे त्याचे कारण.

पाण्याला आकार बदलण्याचा विरोध नसतो, त्यामुळे एस लहर पाण्यातून जात नाही. मातीची छिद्रे पाण्याने भरली की पी वेग एकदम १५०० च्या पुढे उडी घेतो, एस वेग मात्र जवळपास तिथेच राहतो, किंबहुना घनता वाढल्याने किंचित उतरतो. या एका फरकावर पुढचे अनेक निर्णय उभे आहेत. आणखी एक बारकावा: छिद्रांत अगदी थोडी हवा शिल्लक राहिली तरी पी वेगाची ही उडी दिसत नाही. त्यामुळे नुसती ओलसर माती लहरीला कोरड्यासारखीच वाटते.

पी वेगाचे साधारण पल्ले, मीटर प्रति सेकंद:

हवा: सुमारे ३४०
कोरडी सैल माती, वाळू: ३०० ते ७००
पाणी: सुमारे १५००
पाण्याने भरलेली वाळू: १५०० ते २०००
चिकणमाती: १००० ते २५००
कुजलेला, फुटका खडक: १००० ते २५००
वालुकाश्म: २००० ते ४५००
चुनखडी: ३५०० ते ६५००
ताजा ग्रॅनाइट: ४५०० ते ६०००
ताजा, घट्ट बेसॉल्ट: ५००० ते ६५००

पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत. ते तसेच असतात, त्यात दुरुस्ती करायला जाऊ नका. हातात मावणाऱ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यात ५५०० चा वेग मिळतो आणि त्याच कातळात जमिनीत ३००० मिळतो. तुकड्यात भेगा नसतात, जमिनीत असतात. खोलीबरोबर दाब वाढतो, भेगा मिटत जातात आणि वेग चढतो. पत्री खडकात पापुद्र्यांच्या दिशेने वेग जास्त असतो आणि आडवा कमी. अशा ठिकाणी एकाच दिशेची रेषा टाकून भागत नाही, तिला काटकोनात दुसरी हवीच.

साहित्य

चोवीस चॅनेलचा सिस्मोग्राफ (लहरी नोंदणारे यंत्र), चोवीस उभे जिओफोन (जमिनीची हालचाल टिपणारे, खिळ्याने रोवायचे संवेदक), ठरावीक अंतरावर जोडबिंदू असलेली केबल, पाच ते आठ किलोचा घण, पोलादी किंवा ॲल्युमिनियमची जाड पाटी, घणाच्या दांड्याला चिकटवायचा ट्रिगर स्विच आणि लांब मोजपट्टी. अपवर्तनाला १० किंवा १४ हर्ट्झचे जिओफोन चालतात. पुढे पृष्ठलहरींचे (जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींचे) कामही करायचे असेल तर थेट ४.५ हर्ट्झचे घ्या, ते दोन्हीकडे उपयोगी पडतात. उंची मोजायला लेव्हल किंवा टोटल स्टेशन लागते. सपाट दिसणाऱ्या मैदानातही ते न्या. वरचा थर ५०० वेगाचा असेल तर एक मीटरचा चढउतार सुमारे दोन मिलिसेकंदांचा फरक पाडतो, आणि खोलीच्या हिशेबात तो तसाच उतरतो.

घण चालवणाऱ्याला डोळ्यांवर चष्मा आणि पायात सुरक्षा बूट द्या. पोलादाच्या पाटीच्या कडा मारून मारून फुलतात आणि त्यांची ठिकरी उडते. फुललेली कडा तासून घ्या.

रेषेची आखणी

रेषेची लांबी हव्या असलेल्या खोलीच्या चार ते पाचपट धरा. पंधरा मीटरपर्यंत पाहायचे असेल तर चोवीस जिओफोन तीन-तीन मीटरवर लावा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ६९ मीटर होतात. रेषेच्या टोकांचे ठोके शेवटच्या जिओफोनच्या दीड मीटर बाहेर मारा, म्हणजे ठोक्यापासून ठोक्यापर्यंत ७२ मीटर.

दोन जिओफोनमधले अंतर खोलीवर ठरत नाही, वरच्या थराच्या जाडीवर ठरते. ठोक्याजवळच्या जिओफोनवर थेट लहर आधी येते. काही अंतरानंतर खालच्या वेगवान थरातून वळसा घालून आलेली लहर तिला मागे टाकते. वरचा थर ५०० वेगाचा आणि ५ मीटर जाड, खालचा २५०० चा, अशा जागी हे ओलांडण्याचे अंतर सुमारे १२.२ मीटर येते. तीन मीटरच्या अंतराने त्याच्या आत चार बिंदू मिळतात, वरच्या थराचा वेग नीट ठरतो. पाच मीटरने जेमतेम दोनच मिळतात. थर दोनच मीटर जाड असेल तर ओलांडणे ५ मीटरच्या आत होते, तेव्हा ठोक्याजवळ मीटर-मीटरवर जिओफोन लावल्याशिवाय वरचा थर हाती लागणार नाही. आणि वरच्या थराचा वेग चुकला की खालची प्रत्येक खोली त्याच प्रमाणात चुकते.

ठोके किमान सात ठिकाणी: दोन टोके, मध्य, दोन पाव बिंदू, आणि रेषेच्या बाहेर दोन्ही बाजूंना दूर एकेक. बाहेरचे ठोके ओलांडण्याच्या अंतरापेक्षा लांब हवेत, म्हणजे साऱ्या जिओफोनवर पहिली पोच कातळातूनच येते. वेळ वाचवायला म्हणून लोक नेमके हेच दोन ठोके गाळतात. असे करू नका. कातळाचा सलग वेग याच ठोक्यांतून मिळतो.

जिओफोनचा खिळा पूर्ण आत आणि उभा गेला पाहिजे. गवत, पालापाचोळा, सैल माती बाजूला करून घट्ट जमिनीत टोचा. उघड्या कातळावर खिळा जात नाही, तिथे तिपाई वापरा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लहान गोळ्यात तो बसवा. केबल जमिनीवर सैल पडू द्या, ताणलेली केबल वाऱ्याने जिओफोनला ओढत राहते. सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जिओफोनजवळ पाय आपटून पडद्यावर त्याची नोंद येते का पाहा. एखाद्याची पहिली हालचाल बाकीच्यांच्या उलट दिशेला दिसली तर त्याच्या तारा उलट्या जोडलेल्या आहेत.

ठोका आणि नोंद

नमुना अंतर ०.१२५ किंवा ०.२५ मिलिसेकंद आणि नोंदीची लांबी सुमारे २५० मिलिसेकंद ठेवा. पाटी जमिनीत बसेपर्यंत दोन-चार ठोके मारा, ते नोंदवू नका. मग त्याच जागी ठोके मारून नोंदी एकावर एक रचा. चार ठोके रचले की गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पट होतो, सोळांनी चौपट. दूरच्या ठोक्यांना जास्त लागतात. प्रत्येक ठोका रचण्याआधी पडद्यावर पाहा. मध्येच गाडी गेली असेल तर तो ठोका टाकून द्या.

या साऱ्यात कच्चा दुवा ट्रिगरचा असतो. स्विचची तार दांड्यापाशी वाकून वाकून आतून तुटते आणि कधी लागते, कधी लागत नाही. घण उसळून दुसऱ्यांदा पाटीवर पडला तर दुसरा ट्रिगर बसतो. ट्रिगर दर ठोक्याला मिलिसेकंदाने मागेपुढे होत असेल तर रचलेल्या नोंदीत लहरीची सुरुवात पसरट होते आणि ती टिपताच येत नाही. उपाय साधा आहे. पाटीला लागून एक जिओफोन कायम ठेवा आणि दर ठोक्याला त्याची सुरुवात शून्यावरच येते का बघा.

विजेच्या तारांखाली पडद्यावर वीस मिलिसेकंदांच्या एकसारख्या लाटा दिसतात, तो ५० हर्ट्झचा गुणगुणाट. तो काढायला नोंदतानाच फिल्टर लावण्याचा मोह होतो. फिल्टर लहरीची सुरुवात सरकवतो. कच्ची नोंद जशीच्या तशी साठवा, फिल्टर नंतर फक्त पाहण्यासाठी लावा. जमत असेल तर रेषाच तारांपासून दूर घ्या.

ठोक्याचा आवाज हवेतून ३४० च्या वेगाने जातो आणि जिओफोनला तोही ऐकू येतो. तीस मीटरवर तो ८८ मिलिसेकंदांनी पोचतो. वर घेतलेल्या जागी कातळातली लहर तिथे ३२ ला आलेली असते, म्हणजे तिथे गोंधळ नाही. पण वरची माती कोरडी आणि ३०० च्या आसपास असेल तर ठोक्याजवळ हवेची आणि मातीची लहर एकमेकींत मिसळतात. हवेची लहर टोकदार आणि दाट कंपनांची असते, त्यावरून ती वेगळी काढा. वेग ३३०-३४० असा निघाला की आधी तिच्यावरच संशय घ्या.

पहिली पोच टिपणे

रेषा शांत असते आणि एका क्षणी ती वळते. तो वळण्याचा क्षण टिपायचा, शिखराचा नव्हे. जवळच्या जिओफोनवर हे सोपे असते. दूर गेल्यावर लहर अशक्त आणि पसरट होते, सुरुवात गोंगाटात बुडते आणि डोळा आपोआप पहिल्या शिखराकडे जातो. ५० हर्ट्झच्या लहरीत सुरुवात आणि शिखर यांत पाच मिलिसेकंदांचे अंतर असते. जवळ सुरुवात आणि दूर शिखर टिपले तर कातळाचा वेग कागदावर खूप कमी उतरतो, आणि धडधाकट कातळ फुटका ठरतो.

म्हणून टिपणे नेहमी जवळून दूर न्या. शेजारच्या चार-पाच रेषा एकत्र मोठ्या करून पाहा, लहरीचा तोच वळसा पुढे नेत चला. गोंगाटातली पोच दिसतच नसेल तर ती सोडा. अंदाजाने भरलेला बिंदू नसलेल्या बिंदूपेक्षा वाईट.

चुकीचे मोल किती ते आकड्यात बघा. ४५०० वेगाच्या कातळात वीस मीटर जायला ४.४ मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे वेगात वीस-बावीस टक्क्यांची चूक. त्यामुळे छोट्या तुकड्यावरून घट्ट कातळाचा वेग काढू नका, लांब रेषेवरून काढा.

टिपून झाले की पहिली तपासणी ही: अ टोकाला मारलेला ठोका ब टोकाशी जितक्या वेळात पोचतो, तितक्याच वेळात ब चा ठोका अ शी पोचला पाहिजे. एका मिलिसेकंदापर्यंत फरक चालतो. दोन-तीनचा फरक आला तर ट्रिगर तरी चुकला आहे किंवा टिपणे तरी. पुढे जाण्याआधी तो शोधा.

वेळ-अंतर आलेख आणि खोली

आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर वेळ. बिंदू एका चढत्या रेषेवर बसतात, मग रेषा मोडते आणि कमी चढाने पुढे जाते. चढाचा व्यस्त म्हणजे वेग. १९०९ च्या क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदींवरून मोहोरोविचिच यांनी पृथ्वीचे कवच आणि प्रावरण यांमधली सीमा याच तर्काने ओळखली. तिथे अंतरे शेकडो किलोमीटरची होती, इथे मीटरची आहेत, एवढाच काय तो फरक.

दुसरी रेषा मागे वाढवून शून्य अंतरावर जिथे छेदते ती वेळ म्हणजे छेदकाळ. वरचा वेग ‘अ’, खालचा ‘ब’, छेदकाळ ‘छ’ धरल्यास

खोली = (छ ÷ २) × (अ × ब) ÷ √(ब² − अ²)

अ ५००, ब २५००, छ २० मिलिसेकंद. वेगांचा भाग ५१० येतो, त्याला ०.०१० सेकंदाने गुणले की ५.१ मीटर. पडताळा घ्या: १२.५ मीटरवर थेट लहर २५ मिलिसेकंदांनी येते, आणि कातळातली २० अधिक ५, म्हणजे २५. दोन्ही जुळले. पहिली रेषा शून्यातून जात नसेल तर तिथे ट्रिगरचा उशीर आहे, तो आधी वजा करा.

हे सपाट थरांचे झाले. कातळ उतरता असेल तर उताराच्या दिशेने मोजलेला वेग खोटा कमी येतो आणि चढाच्या दिशेने खोटा जास्त. एका टोकावरून २००० आणि दुसऱ्यावरून ३३०० आले, वरचा थर ५०० चा. ५००/२००० चा व्यस्त ज्या (sin⁻¹) कोन १४.५ अंश, ५००/३३०० चा ८.७. बेरजेचा अर्धा ११.६ अंश हा क्रांतिक कोन (ज्या कोनाने आलेली लहर कातळाच्या माथ्यालगत धावते), फरकाचा अर्धा २.९ अंश हा उतार. खरा वेग ५०० भागिले ११.६ अंशांची ज्या, सुमारे २४९०. दोन वेगांची साधी सरासरी २६५० आली असती. फक्त एकाच टोकाने ठोके मारून आणलेली रेषा यासाठीच वाया जाते. तिच्यातला वेग उताराचा की खडकाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

कातळाचा माथा खालीवर होत असेल तर हागेडोर्न यांची १९५९ ची अधिक-उणे रीत हाताने करण्यासारखी आहे. एखाद्या जिओफोनवर अ कडून ३३ मिलिसेकंदांनी आणि ब कडून ३७.८ ने पोच, अ ते ब पूर्ण वेळ ४८.८. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरी वजा केली की २२ उरतात. त्याचे अर्धे ११, त्याला वर काढलेल्या ५१० ने गुणले की त्या जिओफोनखाली कातळ ५.६ मीटरवर. दर जिओफोनला हेच करा, कातळाचा माथा उमटत जातो. वजाबाकीच्या बाजूने म्हणजे ३३ उणे ३७.८ अशा संख्या अंतरावर मांडल्या की त्यांच्या चढावरून कातळाचा वेग मिळतो, आणि चढ जिथे तीव्र होतो तिथे कातळात फुटका पट्टा आहे. तीन मीटर अंतरावर जिओफोन असतील तर सहा-सात मीटरपेक्षा अरुंद पट्टा सापडेल अशी आशा धरू नका.

संगणकावर टोमोग्राफी (साऱ्या वेळांवरून जमिनीच्या छेदातले वेगाचे चित्र काढणे) करता येते आणि तिची रंगीत चित्रे फार खात्रीची वाटतात. सुरुवातीचे प्रतिमान दोन-तीन वेगवेगळे देऊन पाहा. प्रत्येक वेळी उमटते ते खरे. एकदाच उमटते ते चित्रातच राहू द्या, अहवालात नको.

अपवर्तनाला न दिसणारे

लहर वर परत येण्यासाठी खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असावा लागतो. घट्ट बेसॉल्टच्या थराखाली लाल बोल (दोन लाव्हाथरांमधली लाल, मऊ माती) किंवा सच्छिद्र थर असेल, जसे लाव्हाच्या थरांवर थर चढलेल्या प्रदेशात नेहमी असते, तर तो मऊ थर आलेखात कुठेच दिसत नाही. त्यात गेलेला वेळ हिशेब वरच्या वेगवान थराच्या नावावर टाकतो आणि त्याखालच्या कातळाची खोली जास्त दाखवतो. याच्या उलट, मधल्या वेगाचा पातळ थर, ज्याची लहर कधीच पहिली पोचत नाही, तो हरवला तर खोली कमी निघते. दोन्ही चुका आलेखावरून कळत नाहीत, बोअरनेच कळतात. ज्या जागी पाया बसणार आहे तिथे एक तरी बोअर रेषेवरच घ्या.

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर हीच अडचण डोक्यावर असते. वेगवान थर सर्वांत वर, लहर त्यातूनच पळते. तिथे अपवर्तन सोडा, पृष्ठलहरी घ्या.

पोकळ्या शोधायला ही पद्धत कमकुवत आहे. लहर पोकळीला वळसा घालून जाते आणि वेळेत फरक नाममात्र पडतो. २००० वेगात ५० हर्ट्झची लहर ४० मीटर लांब असते. दोन मीटरचे भगदाड तिला जाणवतही नाही. पोकळीचा संशय असेल तर दोन बोअरमधून आडवी मोजणी करा. त्यासाठी बोअर साधारण तीन मीटर अंतरावर असतात, आवरणनळी भोवती सिमेंटने पक्की केलेली हवी, आणि बोअर खरोखर किती सरळ आहेत हे मोजलेले हवे. तीन मीटरमध्ये खाली दहा सेंटिमीटरचा कल गेला तरी वेगात तीन टक्क्यांची चूक येते.

एस लहर: पाणी की खडक

पी वेग १६०० आला. पाण्याने भरलेली माती की कुजलेला खडक? नुसत्या पी वरून सांगता येणार नाही. एस मोजा. एस २५० निघाला तर पी-एसचे गुणोत्तर ६.४, पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर आडवे फुगण्याचे प्रमाण) ०.४९ जवळ: पाण्याने भरलेली मऊ माती. एस ८०० निघाला तर गुणोत्तर २, पॉयसन ०.३३: खडक. ज्या अहवालात १५०० ते १८०० चा थर ‘मऊ खडक’ म्हणून दाखवला आहे आणि एस मोजलेली नाही, त्यावर पाया ठरवू नका.

एस लहर काढायला दोन-तीन मीटरची जाड लाकडी फळी रेषेला आडवी ठेवा, तिच्यावर गाडीची पुढची चाके चढवून ती दाबून धरा आणि फळीच्या टोकांवर आळीपाळीने घण मारा. जिओफोन आडवे, फळीच्याच दिशेत. डाव्या आणि उजव्या ठोक्यांना एस लहर उलट दिशेला वळते, पी वळत नाही. दोन नोंदी एकमेकींतून वजा केल्या की पी गळते, एस ठळक होते.

दुसरा मार्ग पृष्ठलहरींचा. ४.५ हर्ट्झचे चोवीस जिओफोन एक-दोन मीटरवर, ठोका पाच ते वीस मीटर बाहेर, नोंद एक-दोन सेकंदांची. रॅले लहरीचा, म्हणजे या पृष्ठलहरीचा, वेग एसच्या सुमारे ०.९२ पट असतो आणि ती आपल्या तरंगलांबीच्या साधारण अर्ध्या खोलीपर्यंत पाहते. ही पद्धत वेगवान थराखालचा मऊ थरही दाखवते, म्हणून बोलसारख्या जागी ती अपवर्तनाची जोडीदार आहे. वरच्या तीस मीटरचा सरासरी एस वेग काढताना सरासरी वेळेची घ्या, वेगाची नव्हे. ५ मीटर २०० चे, १० मीटर ३५० चे, १५ मीटर ७०० चे: वेळा २५, २८.६ आणि २१.४ मिलिसेकंद, एकूण ७५. तीस भागिले ०.०७५, म्हणजे ४००. इमारतींच्या भूकंपरोधक नियमांत ३६० ते ७६० हा एक वर्ग अनेक ठिकाणी मानतात. ४०० त्यात बसतो, पण काठावरच. तिथे चुकीची मर्यादा लिहिणे भाग आहे.

वेगावरून गुणधर्म

घनता २६०० किलो प्रति घनमीटर, पी ४५००, एस २६०० असा कातळ घेऊ. कर्तन गुणांक म्हणजे घनता गुणिले एसचा वर्ग, १७.६ गिगापास्कल. पॉयसन गुणोत्तर = (पी² − २एस²) ÷ २(पी² − एस²), ०.२५. यंग गुणांक = २ × कर्तन गुणांक × (१ + पॉयसन), सुमारे ४४ गिगापास्कल. हा गतिक गुणांक आहे. लहर खडकाला अगदी नाममात्र हलवते, त्यात भेगा सरकत नाहीत. इमारतीच्या वजनाखाली त्या सरकतात. म्हणून स्थितिक गुणांक याहून कमी असतो, फुटक्या खडकात तर खूपच कमी. गतिक आकडा खचण्याच्या हिशेबात थेट घालणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. त्याच जागेच्या काही नमुन्यांवर दाबचाचणी करून दोहोंचे प्रमाण काढा.

भेगा किती, हे काढायला जमिनीतला वेग आणि गाभ्याच्या तुकड्यातला वेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग घ्या. जमिनीत ३६००, तुकड्यात ५४००: ०.६७ चा वर्ग ०.४४. ०.२ खाली अगदी निकृष्ट, ०.४ पर्यंत निकृष्ट, ०.६ पर्यंत मध्यम, ०.८ पर्यंत चांगला, त्यावर उत्तम. दोन्ही मोजण्या पाण्याच्या सारख्या स्थितीत हव्यात. जमिनीतला ओला आणि प्रयोगशाळेतला वाळवलेला, अशी तुलना फसवते.

तुकड्याची मोजणीही काळजीने करा. दहा सेंटिमीटरच्या तुकड्यातून ५००० च्या वेगाने लहर २० मायक्रोसेकंदांत जाते. अर्ध्या मायक्रोसेकंदाची चूक अडीच टक्के. टोके समांतर घासलेली, मध्ये ग्रीस, आणि उपकरणाचा शून्य दोष प्रमाण दांडीवर तपासलेला. काँक्रीटसाठीचे ५४ किलोहर्ट्झचे उपकरण इथे वापरू नका. त्याची लहर खडकात नऊ सेंटिमीटर लांब असते, जवळपास तुकड्याएवढीच. अर्धा ते एक मेगाहर्ट्झचे घ्या.

वालुकाश्मासारख्या घट्ट, पाण्याने भरलेल्या खडकात सच्छिद्रतेचा अंदाज वायली यांच्या काल-सरासरी सूत्राने येतो: एक भागिले वेग, ही दाण्यांतली आणि पाण्यातली वेळ त्यांच्या वाट्याने मिळवून येते. दाणे ५५००, पाणी १५००, मोजलेला वेग ३५००: सच्छिद्रता सुमारे २१ टक्के. सैल वाळूत आणि भेगाळ खडकात हे सूत्र वापरू नका. तिथे भेगांमुळे पडलेला वेग छिद्रांच्या खात्यावर जातो.

खोदाईसाठी ढोबळ आडाखा: १००० पर्यंत साधे खोदयंत्र, तिथून २००० पर्यंत मोठ्या डोझरचा रिपर (मागचा नांगरासारखा दात), २५०० च्या पुढे बहुतेक सुरुंग. मधला पट्टा थरांच्या जाडीवर आणि भेगांच्या अंतरावर ठरतो. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या डोझरसाठी खडकानुसार वेगाचे तक्ते देतात, ते त्या यंत्रापुरतेच लागू. कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये मात्र जपा. मातीत मोठमोठे ताजे गोळे रुतलेले असतात, सरासरी वेग १२०० दिसतो आणि रिपर पहिल्याच गोळ्यावर अडतो. तिथे ठेका ठरवण्यापूर्वी दोन-तीन चाचणी खड्डे उघडा.

अहवालात काय हवे

प्रत्येक रेषेसाठी जिओफोनच्या जागा आणि उंची, ठोक्यांच्या जागा, टिपलेल्या वेळांचा तक्ता, दोन्ही टोकांच्या वेळांतला फरक, आणि मोजणीच्या दिवशी जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी किती खोल होते ते. पाण्याची ही नोंद सर्रास राहून जाते. ती नसेल तर दुसऱ्या ऋतूत कोणी तीच रेषा पुन्हा मोजून वेगळे आकडे आणले, तर बदल पाण्याचा की कोणाच्या चुकीचा, हे ठरवता येत नाही. खोली लिहिताना मर्यादेसह लिहा, ‘५.१ मीटर’ ऐवजी ‘४.५ ते ५.७ मीटर’, आणि ही मर्यादा टिपण्याच्या चुकीवरून काढलेली असू द्या. कच्च्या नोंदी अहवालासोबत द्या. रेषेच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये खुंट्या रोवा, त्यांचे अक्षांश-रेखांश लिहा, म्हणजे बोअर मारायची वेळ येईल तेव्हा ती रेषेवरच बसेल.